वणवा लागला तर फोन कधी काढायचा आणि कधी खिशात ठेवायचा

फेब्रुवारी संपत आला की विरारचा जीवदानीचा डोंगर, नालासोपारा आणि वसई पूर्वेच्या टेकड्या आणि तुंगारेश्वरचं जंगल सुकायला लागतं. गवत पिवळं पडतं, सागाची पानं गळून पाचोळ्याचा थर होतो. मग एखाद्या रात्री हायवेवरून जाताना डोंगरावर नारिंगी रेघ दिसते. बरेच जण गाडी बाजूला घेऊन तिचा व्हिडिओ काढतात, स्टेटसला टाकतात आणि पुढे जातात. त्या रेघेच्या वरच्या अंगाला कोणी अडकलंय का, हे व्हिडिओत कळत नाही.

ही रेघ म्हणजे वणवा. पावसाच्या पहिल्या सरी येईपर्यंत, म्हणजे साधारण जूनपर्यंत, हा हंगाम चालतो. तुम्ही ट्रेकला जात असाल, तुंगारेश्वरला दर्शनाला जात असाल किंवा तुमचं घर सातिवली, पेल्हार, कामण, चिंचोटी अशा डोंगराच्या पायथ्याच्या भागात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे सुरुवात ॲप आणि सॅटेलाइटपासून करायला मला आवडलं असतं, पण वणव्यात आधी डोंगर आणि वारा समजून घ्यावा लागतो. ॲप त्यानंतर.

थोडक्यात

- फोनची तयारी घरीच, वायफायवर असताना करायची.
- आग दिसली की एकच कॉल, तोही नेमक्या ठिकाणासह.
- त्यानंतर फोन खिशात. आगीच्या बाजूने खाली उतरायचं, वर चढायचं नाही.

आपल्याकडचा वणवा कसा असतो?

कॅलिफोर्नियाच्या व्हिडिओंमध्ये झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग दिसते. तशी आग आपल्याकडे फारशी लागत नाही. आपल्याकडे पेटतं ते जमिनीवरचं, म्हणजे गवत, पाचोळा, वाळलेली झुडपं. सपाट जागी ही आग कधी गुडघ्याएवढी असते आणि हळू सरकते. त्यामुळे ‘एवढीशी तर आहे’ असं वाटतं आणि तिथेच अंदाज चुकतो. तीच आग उंच सुक्या गवतात आणि चढावर पोचली की तिचं रूपच बदलतं.

आपल्या जंगलात वणवा बहुतेक वेळा माणसामुळे लागतो. न विझवलेली विडी-सिगारेट, पार्टीनंतर सोडलेली चूल, कचऱ्याला लावलेली काडी, शिकारीसाठी लावलेली आग अशी कारणं असतात. भातशेतीसाठी राब भाजतानाही कधी ठिणगी उडते. पण ज्याचं शेत जंगलाला लागून आहे, तो शेतकरी सहसा वारा बघून, कडेचं गवत साफ करूनच राब पेटवतो. शहरातून तासाभरासाठी आलेल्या माणसाकडे तेवढी सवय नसते.

तुंगारेश्वरला २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य, यांच्या मधला हा जंगलाचा दुवा आहे. अभयारण्यात आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० प्रमाणे गुन्हा आहे.

चढ आणि वारा: पाठ करून ठेवायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट, आग वरच्या दिशेला जोरात पळते. ज्वाळा आणि गरम हवा वर जातात, वरचं गवत आधीच तापतं आणि लगेच पेट घेतं. ढोबळ नियम असा, की उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर तो सपाटीच्या चौपट. आपलं उलटं असतं. चढ जेवढा जास्त, तेवढा आपला वेग कमी. म्हणून आगीच्या पुढे चढावर पळणं ही हरलेली शर्यत आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. वसई-विरारचा समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. म्हणजे दुपारी शहराच्या बाजूच्या पायथ्याला आग लागली, तर वारा आणि चढ दोन्ही तिला एकाच दिशेला, वर ढकलतात. दुपारी २ ते ५ मध्ये पश्चिम उतारावर चढत असाल, तर आग तुमच्या पाठीमागून येईल. रात्री वारा पडतो किंवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तेव्हा धूर खाली, वस्तीकडे उतरू शकतो. पायथ्याला राहणाऱ्यांना रात्री वास आधी येतो, आग नंतर दिसते, ती यामुळे.

घरून निघण्याआधी फोनवर करायच्या ५ गोष्टी

१. ऑफलाइन नकाशा. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून ‘ऑफलाइन मॅप्स’ मध्ये वसई-विरार आणि तुंगारेश्वरचा भाग डाऊनलोड करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. तुमचा फोन सॅटेलाइटचे सिग्नल फक्त ऐकतो. नेटवर्क गेलं तरी निळा ठिपका चालतो, पण खाली नकाशा नसेल तर तो कोऱ्या पानावर फिरत राहतो.

२. सचेत ॲप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं हे अधिकृत ॲप आहे. त्यात पालघर जिल्हा निवडून ठेवा.

३. इमर्जन्सी अलर्ट चालू ठेवा. २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर मोठ्या आवाजात टेस्ट मेसेज आला होता, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट होतं. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम मेसेज फेकतो. त्याला तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेटही नाही. अनेकांनी आवाजाला वैतागून ते बंद केलंय. सेटिंगच्या सर्चमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाइप करा आणि परत चालू करा.

४. एसओएस बटण. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये बाजूचं बटण पटापट दाबून इमर्जन्सी कॉल लावता येतो. किती वेळा दाबायचं ते फोनप्रमाणे बदलतं. सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’ उघडून बघा आणि दोन जवळच्या माणसांचे नंबर जोडा.

५. बॅटरी. रेंज नसलेल्या डोंगरात फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी खातो. चढताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं. पॉवर बँक सोबत घ्या. आणि कोणत्या वाटेने जाताय, किती वाजता परत येणार, हे घरी कोणाला तरी मेसेज करून ठेवा.

सॅटेलाइटचा लाल ठिपका काय सांगतो?

‘नासा फर्म्स’ असं शोधलंत की जगाचा नकाशा उघडतो आणि जिथे आग टिपली गेली तिथे ठिपके दिसतात. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आपल्याकडे डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून अशाच सॅटेलाइट माहितीवरून वणव्याची सूचना देतं. त्यांच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर वन कर्मचाऱ्यांसोबत सामान्य माणसालाही एसएमएस अलर्टसाठी नोंदणी करता येते.

हे दोन्ही बघाच. पण ठिपका वाचायचा कसा, ते आधी समजून घ्या.

- ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नाही. व्हिअर्स नावाचा सेन्सर जमिनीकडे ३७५ मीटरच्या चौकटींमधून बघतो, जुना मोडिस १ किलोमीटरच्या. चौकटीत कुठेही आग असली तरी ठिपका तिच्या मध्यावर पडतो. म्हणजे आग ठिपक्यापासून बरीच दूर असू शकते.
- ठिपका शिळा असतो. व्हिअर्सचे सॅटेलाइट आपल्यावरून साधारण दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी ४ ला लागलेली आग त्यांना रात्रीच दिसणार. त्यावर माहिती साइटवर यायला तीन तासांपर्यंत वेळ लागतो.
- वेळ आपली नसते. ठिपक्यावर टॅप केल्यावर दिसणारी वेळ यूटीसी असेल, तर तिच्यात साडेपाच तास मिळवा.
- प्रत्येक ठिपका वणवा नसतो. सेन्सर उष्णता मोजतो. कारखान्याची भट्टी किंवा पेटलेला कचऱ्याचा ढीगही ठिपका होऊ शकतो.
- ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं नाही. लहान आग, ढग किंवा दाट झाडी असेल तर सॅटेलाइटला काहीच दिसत नाही.

मी हा नकाशा एकाच कामासाठी वापरतो: उद्या जिथे जायचंय त्या डोंगरावर गेल्या दोन-तीन दिवसांत ठिपके आहेत का, हे बघायला. असतील तर बेत रद्द. समोर धूर दिसत असताना हा नकाशा उघडून बसण्यात अर्थ नाही. तुमच्या डोळ्यांची माहिती त्याच्यापेक्षा कित्येक तास ताजी आहे.

अलर्टवरही पूर्ण विसंबू नका. ८ ऑगस्ट २०२३ ला हवाई बेटांवरच्या लहायना गावात आग शिरली, तेव्हा भोंगे वाजवलेच गेले नाहीत. वीज आणि मोबाईल नेटवर्क कोलमडल्यामुळे फोनवर पाठवलेला अलर्ट अनेकांपर्यंत पोचला नाही. उलट ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये एका लहान भागासाठी असलेला ‘बाहेर पडा’ मेसेज चुकून अख्ख्या काउंटीला गेला. एवढी यंत्रणा असलेल्या देशात हे झालं. आपल्या डोंगरावरच्या एका वणव्यासाठी फोन किंचाळेलच, असं धरून चालू नका.

कोणाला फोन करायचा आणि काय सांगायचं?

- ११२: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल, तरी हा कॉल लागू शकतो. म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी एकदा लावून बघा.
- १९२६: महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन. वणवा अजून लहान आहे, कोणी अडकलेलं नाही, तेव्हा इथे कळवा.
- १०१: अग्निशमन दल.
- १०८: रुग्णवाहिका.

‘डोंगराला आग लागलीय’ एवढ्यावर कोणी पोचू शकत नाही. मॅप्समध्ये स्वतःच्या ठिकाणावर बोट दाबून धरा, पिन पडते आणि दोन आकडे दिसतात. ते पूर्ण वाचा. दशांश चिन्हानंतर दोनच अंक सांगितलेत तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होते, चार अंक सांगितलेत तर दहा-बारा मीटरपर्यंत नेमकी येते. आपल्या भागात पहिला आकडा १९.३ ते १९.५ च्या आसपास आणि दुसरा ७२.८ किंवा ७२.९ ने सुरू होतो. वेगळंच काही दिसत असेल तर पिन चुकीची पडली आहे.

मग या क्रमाने सांगा: तुम्ही कुठे आहात, आग तुमच्या कोणत्या बाजूला आहे, वर सरकतेय की खाली, जवळ कोणता पाडा किंवा मंदिर आहे, किती माणसं आहेत, कोणी जखमी आहे का. कॉल लागत नसेल तर हेच एसएमएसने घरच्यांना पाठवा. व्हॉट्सॲपला इंटरनेट लागतं. साधा एसएमएस कमकुवत रेंजमध्येही कधीकधी निघून जातो.

डोंगरावर असताना आग दिसली तर

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, पश्चिम घाटातल्याच कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचा गट उतरताना वणव्यात सापडला. सुकं गवत, तीव्र उतार आणि वारा. घाबरून गट फुटला, लोक वाट दिसेल तिकडे पळाले, काही जण घळीत पडले. वीसहून जास्त जीव गेले. त्यात तरुण आयटी कर्मचारीही होते. आपल्या वीकेंडच्या ट्रेकला असतात तशीच माणसं. तिथे जे झालं ते टाळायचं तर हे लक्षात ठेवा.

- आधी थांबून बघा, मग निघा. धूर कोणीकडे झुकतोय? तोच वारा. आग वर आहे की खाली?
- आग खाली असेल तर वर पळू नका. आडवं चाला. आगीच्या रेघेच्या टोकाला वळसा घालून तिच्या बाजूने खाली उतरा.
- नाळ, घळ, अरुंद ओढा टाळा. सुक्या नाळेतून आग धुराड्यातून धूर जावा तशी वर खेचली जाते.
- उघडी जागा शोधा. कातळ, डांबरी रस्ता, नदीचं पात्र, पाणी असलेला डोह, वन विभागाने गवत काढून किंवा जाळून तयार केलेली जाळरेषा.
- काळी जमीन ही मित्र. जिथलं गवत आधीच जळून विझलंय, तिथे जळायला काही उरलेलं नाही. मात्र ज्वाळांची भिंत ओलांडून तिकडे उडी मारू नका. टोकाकडून जा आणि धुमसणारे ओंडके, पडायला आलेली झाडं सांभाळा.
- गट फोडू नका. सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढे, वाट माहीत असलेला त्याच्यासोबत.
- कपडे. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. ट्रेकला सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि बूट घाला. रुमाल राख अडवतो, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. म्हणून धुरात वाकून चाला आणि लवकर बाहेर पडा.
- सगळे मार्ग बंद झाले तर गवत नसलेल्या खोलगट जागी तोंड जमिनीकडे आणि पाय आगीकडे करून झोपा. सुती किंवा लोकरीचं कापड असेल तर अंगावर घ्या, माती ओढून घ्या. गवताची आग वरून लवकर पुढे जाते. ती जाईपर्यंत उठू नका.

या सगळ्या वेळात फोन आतल्या खिशात ठेवायचा. जास्त तापला की तो स्वतःच बंद पडतो, आणि एक हात मोकळा असण्याची किंमत उतारावर कळते.

घर डोंगराच्या पायथ्याला असेल तर

हंगाम सुरू व्हायच्या आधी घराभोवतीचं सुकं गवत आणि पाचोळा काढा. जाळू नका, वाहून न्या. छपरावर आणि पन्हळीत अडकलेली पानं साफ करा, कारण वाऱ्याने आलेली ठिणगी तिथेच बसते. सरपण आणि ताडपत्री भिंतीला लावून ठेवू नका.

आधार, रेशन कार्ड, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये टाका, म्हणजे आयत्या वेळी कपाट उपसावं लागणार नाही. एक पिशवी तयार ठेवा: रोजची औषधं, पाणी, टॉर्च, चार्जर, थोडी रोख रक्कम. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

आग वस्तीकडे सरकतेय असं दिसलं तर अधिकृत मेसेजची वाट बघू नका. आजी-आजोबा, लहान मुलं आणि दमा असलेल्यांना आधी हलवा. गुरं, शेळ्या, कुत्रा यांचा दोर सोडा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं लावा, कुलूप घालत बसू नका. शेजारच्या घरात एकटं कोणी राहत असेल तर दार वाजवा. सगळ्यांनी भेटायची एक जागा आधीच ठरवा: शाळेचं मैदान, मोठा रस्ता, जे जवळ असेल ते. धुरात उच्च दाबाच्या विजेच्या तारांखालून जाऊ नका. दाट धुरातून वीज जमिनीकडे उडी मारू शकते.

गाडीत असाल तर काचा वर, एसी आतली हवा फिरवणाऱ्या मोडवर, दिवे चालू. बाईकवर असाल तर दाट धुरात शिरूच नका. मागे वळा.

विझवायला जायचं का?

मदतीची इच्छा चांगली आहे, पण ओल्या फांदीने झोडपून आग विझवणं हे शिकून करायचं काम आहे. वन विभागाचे लोक ब्लोअर, जाळरेषा आणि डोंगराची माहिती घेऊन उतरतात, तरी त्यांनाही धोका असतो. वनरक्षकांनी बोलावलं तर त्यांच्यासोबत, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, आणि जळून काळ्या झालेल्या बाजूने. आगीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही.

ड्रोन उडवू नका. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागल्या, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर पाण्याची बादली लटकवून आली होती. अशा वेळी हवेतला हौशी ड्रोन पायलटच्या जिवावर उठतो. ग्रुपवर आलेला व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो आजचा आहे का आणि इथलाच आहे का, ते विचारा. जुन्या व्हिडिओमुळे बंब भलत्याच डोंगराकडे गेला, तर खऱ्या आगीला तेवढा वेळ मिळतो.

आग विझल्यावरही दुसऱ्या दिवशी लगेच वर फिरायला जाऊ नका. झाडाचे बुंधे आणि मुळं आतून धुमसत राहतात. राख दिसते, खालचे निखारे दिसत नाहीत.

आज करायचं काम

ऑफलाइन नकाशा डाऊनलोड करा, इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का ते बघा, १९२६ नंबर ‘वणवा’ या नावाने सेव्ह करा. १० मिनिटं लागतात. आणि पुढच्या वेळी हायवेवरून ती नारिंगी रेघ दिसली, तर व्हिडिओच्या आधी तो नंबर लावा. दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल असं तिथून जाणाऱ्या प्रत्येकालाच वाटत असतं.